पहिले वेबहोस्टिंग निवडताना: घेण्याआधी सोडण्याची वाट तपासा

पुण्यात भाड्याने जागा घेताना काय काय पाहायचे, हे कुणाला शिकवावे लागत नाही. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, पुढच्या वर्षीची भाडेवाढ, जागा सोडताना किती दिवस आधी कळवायचे आणि अनामत कधी परत मिळणार, हे सगळे आपण सही करण्याआधी विचारून घेतो. वेबहोस्टिंग हीसुद्धा भाड्याचीच जागा आहे. कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवरचा एक कोपरा आपण भाड्याने घेतो आणि आपल्या संकेतस्थळाच्या फाइली व डेटाबेस (लेख, ऑर्डरी अशा मजकुराचा साठा) तिथे ठेवतो. ही जागा घेताना मात्र बहुतेक जण पहिल्या महिन्याचे भाडे तेवढे पाहतात, आणि बाकीचे प्रश्न वर्षभराने, नूतनीकरणाचे बिल हातात पडल्यावर सुचतात.

ओळखीच्या लोकांची छोटी संकेतस्थळे उभी करून देता देता माझे एक मत पक्के झाले आहे. नवख्या माणसाने ‘सर्वांत स्वस्त कोण’ किंवा ‘सर्वांत वेगवान कोण’ हे नंतर विचारावे. पहिला प्रश्न असा असावा की, इथून निघायचे झाले तर माझे नाव, माझा मजकूर आणि माझे ग्राहक मला बरोबर नेता येतील का? या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर निवड थोडी चुकली तरी ती दुरुस्त करता येते. पुढच्या पायऱ्या हाच प्रश्न मनात धरून मांडल्या आहेत.

आधी गरज कागदावर उतरवा

संकेतस्थळ कशासाठी हवे आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. सदाशिव पेठेतल्या शिकवणी वर्गाला वेळापत्रक, शुल्क आणि पत्ता एवढेच दाखवायचे असते. घरगुती फराळाच्या व्यवसायाला ऑर्डर आणि पैसे घ्यायचे असतात. एखाद्या दुर्गभ्रमण मंडळाला शेकडो छायाचित्रे ठेवायची असतात. या तिघांना एकच प्लॅन सुचवणारा माणूस त्यांची गरज ऐकत नसतो.

चार-पाच स्थिर पाने एवढीच गरज असेल, तर कदाचित होस्टिंग विकत घेण्याची गरजच नाही. गिटहब पेजेससारख्या सेवेवर साधी पाने विनामूल्य ठेवता येतात आणि त्यांना स्वतःचे डोमेनही (संकेतस्थळाचे नाव, म्हणजेच पत्ता) जोडता येते. फक्त लेखन करायचे असेल, तर गुगलची ब्लॉगर ही सेवा पुरेशी आहे. विनामूल्य जागेवर सर्वस्वी विसंबू नये, एवढे भान मात्र हवे. गुगलच्या व्यवसाय प्रोफाइलबरोबर मिळणारी मोफत संकेतस्थळे अनेक लहान दुकानदारांनी आपला कायमचा पत्ता मानली होती आणि गुगलने ती मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांच्याकडे स्वतःचे डोमेन होते, त्यांना तेच नाव दुसरीकडे जोडता आले. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांना छापलेली कार्डे आणि दुकानावरची पाटीसुद्धा बदलावी लागणार होती.

किती जागा आणि किती डेटा लागेल, याचा अंदाज घरीच करता येतो. महिन्याला ३,००० भेटी, प्रत्येक भेटीत ३ पाने आणि प्रत्येक पान २ एमबीचे धरले, तरी महिन्याचा एकूण डेटा १८ जीबी होतो. बहुतेक नवी संकेतस्थळे या आकड्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. त्यामुळे ‘शंभर जीबी जागा’ आणि ‘अमर्याद डेटा’ हे जाहिरातीतले मोठे आकडे नवख्याच्या निर्णयात फार मोलाचे नसतात.

डोमेन स्वतःच्या नावावर, आणि शक्यतो वेगळ्या ठिकाणी

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण इथली चूक पैसे टाकूनही लवकर सुधारत नाही. डोमेन म्हणजे नाव आणि होस्टिंग म्हणजे जागा. ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती एकाच कंपनीकडून घेतलीच पाहिजेत असे नाही. होस्टिंग कंपन्या ‘पहिल्या वर्षी डोमेन मोफत’ असे देतात, ते सोयीचे वाटते. पण दुसऱ्या वर्षीचा त्या डोमेनचा दर वेगळाच असतो, आणि मुदतीत पैसे परत मागितले तर त्या ‘मोफत’ डोमेनची पूर्ण किंमत कापून घेण्याची अट अनेक ठिकाणी लिहिलेली असते. म्हणून डोमेन एका नोंदणीदाराकडे (डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे) आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवावे. मग होस्टिंगवाल्याशी बिनसले, तर डोमेनच्या नेमसर्व्हरची नोंद (हे नाव कोणत्या जागेकडे न्यायचे, ते सांगणारी) बदलून आपण बाहेर पडू शकतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, डोमेन कोणाच्या नावावर नोंदले गेले आहे? पुण्यात नेहमी दिसणारे चित्र असे: भाच्याच्या मित्राने संकेतस्थळ करून दिले, त्यानेच त्याच्या ईमेलवरून डोमेन घेतले, पुढे तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि दोन वर्षांनी नूतनीकरणाची सूचना त्याच्या न वापरातल्या पत्त्यावर जाऊन पडली. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण नाव जायचे ते जाते. डोमेनच्या खात्यात नोंदणीधारक म्हणून तुमचे किंवा तुमच्या संस्थेचे नाव, तुमचा ईमेल आणि तुमचा मोबाइल हवा. तो ईमेलही त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले की तो पत्ताही बंद पडतो आणि खात्यात शिरण्याची वाट उरत नाही.

डोमेन एका नोंदणीदाराकडून दुसरीकडे नेण्यासाठी एक संकेतशब्द लागतो, त्याला ऑथ कोड म्हणतात. तो तुमच्या खात्यातून तुम्हालाच मिळतो का, की त्यासाठी सपोर्टला विनवणी करावी लागते, हे खरेदीआधी विचारावे. नव्याने नोंदवलेले डोमेन साधारणतः पहिले ६० दिवस हलवता येत नाही. हा नियम आहे, फसवणूक नव्हे. डॉट कॉमची मुदत संपली, तरी नाव लगेच हातचे जात नाही. काही काळ ते नेहमीच्या दराने नूतनीकरण करून मिळते आणि त्यानंतरच्या ३० दिवसांच्या सोडवणुकीच्या काळात मात्र चांगलाच दंड भरावा लागतो.

डॉट इन या नावांचा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत हे नावही घेता येते, आणि मराठीत पत्ता असावा ही इच्छा मला मनापासून पटते. परंतु कित्येक फॉर्म आणि ईमेल सेवा अजूनही देवनागरी पत्ता नीट स्वीकारत नाहीत. म्हणून मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवावा आणि डॉट भारत जोडीला घेऊन मुख्य पत्त्याकडे वळवावा.

प्रकारांचा गोंधळ फार वाढवू नका

शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे एकत्र राहतात. व्हीपीएसमध्ये सर्व्हरचा ठराविक वाटा तुमच्यासाठी राखलेला असतो, पण प्रणाली अद्ययावत ठेवणे, फायरवॉल लावणे आणि बिघाड शोधणे हे बहुधा तुमच्याच गळ्यात येते. वर्डप्रेस ही संकेतस्थळ बनवण्याची लोकप्रिय प्रणाली आहे; मॅनेज्ड वर्डप्रेसमध्ये ही कामे कंपनी करते आणि त्याचे पैसे घेते. ‘क्लाउड होस्टिंग’ हा शब्द प्रत्येक कंपनी वेगळ्या अर्थाने वापरते, त्यामुळे नुसत्या त्या शब्दाला जास्त पैसे देऊ नयेत. पहिल्या संकेतस्थळासाठी मुंबईत सर्व्हर असलेले साधे शेअर्ड होस्टिंग पुरते. हिंजवडीत काम करणारा एखादा मित्र व्हीपीएस घेण्याचा आग्रह धरेल. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर तो तुमच्यासाठी उठणार आहे का, ते त्याला आधी विचारावे.

नियंत्रणाचे पॅनल (जिथून आपण होस्टिंगचा कारभार पाहतो तो पडदा) कोणते आहे, तेवढे मात्र नक्की पाहावे. सीपॅनल या प्रचलित पॅनलवरचा पूर्ण बॅकअप सीपॅनल देणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे बहुधा जसाच्या तसा उतरवता येतो. कंपनीचे स्वतःचे पॅनल दिसायला सोपे असते, पण तिथून निघताना फाइली आणि डेटाबेस वेगवेगळे काढून न्यावे लागतात. २०१९ मध्ये सीपॅनलने खात्यांच्या संख्येनुसार शुल्क आकारायला सुरुवात केल्यावर बऱ्याच कंपन्या स्वतःच्या पॅनलकडे वळल्या, त्यामुळे स्वतःचे पॅनल म्हणजे वाईट असे समजू नये. त्यातून फाइल मॅनेजर, डेटाबेसची निर्यात आणि एफटीपीचा (फाइली थेट चढवण्या-उतरवण्याच्या सोयीचा) प्रवेश मिळतो, एवढी खात्री करून घ्यावी.

किंमत: पहिल्या बिलापेक्षा तीन वर्षांचा हिशेब

जाहिरातीत ‘दरमहा ७९ रुपये’ असे लिहिलेले असते. समजा, तो दर ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरल्यासच लागू आहे. तर मूळ रक्कम होते ३,७९२ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की हातातून जातात सुमारे ४,४७५ रुपये. ‘७९’ पाहून आलेल्या माणसाला हे शेवटच्या पानावर कळते. हा चार वर्षांचा सौदा खरोखर स्वस्त असू शकतो, हे मान्य करायला हवे. तरीही ज्या कंपनीची सेवा एक दिवसही वापरलेली नाही, तिला चार वर्षांचे पैसे आगाऊ देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले वर्ष एक वर्षाचेच घ्यावे.

आता एक वर्षाच्या दोन काल्पनिक प्लॅनची तुलना करून पाहू. पहिला प्लॅन पहिल्या वर्षी दरमहा १४९ रुपयांना आणि नूतनीकरणाला दरमहा ३४९ रुपयांना आहे. दुसरा कायम १९९ रुपयांना आहे. तीन वर्षांत पहिल्याचे जीएसटीसह सुमारे ११,९९४ रुपये होतात आणि दुसऱ्याचे सुमारे ८,४५४. म्हणजे सुरुवातीला महाग दिसणारा प्लॅन तीन वर्षांत ३,५४० रुपयांनी स्वस्त पडतो. नूतनीकरणाचा दर दराच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत किंवा सेवाशर्तींच्या पानावर असतो. तो सापडला नाही, तर सपोर्टकडून लेखी मागवावा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

टोपलीत आपोआप येऊन बसणाऱ्या जोडवस्तूही पाहाव्यात. सशुल्क एसएसएल प्रमाणपत्र (वाचक आणि संकेतस्थळ यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित करणारे), ‘सुरक्षा कवच’, शोधयंत्रांत नोंदणी, ‘प्रीमियम बॅकअप’ अशा ओळी आधीच टिक करून ठेवलेल्या असतात. साध्या संकेतस्थळाला सशुल्क एसएसएलची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे विनामूल्य असतात आणि चांगली होस्टिंग कंपनी ती आपोआप बसवते व मुदतीआधी आपोआप नव्याने घेते. हे प्रमाणपत्र मात्र हवेच, कारण जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर त्याशिवायच्या प्रत्येक संकेतस्थळावर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवतो.

पैसे कसे भरायचे, हासुद्धा निवडीचा भाग आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला रीतसर मंजुरी नोंदवावी लागते, आणि १५,००० रुपयांवरच्या वसुलीला दर वेळी वेगळी संमती लागते. परदेशी कंपनीकडून होस्टिंग घेतले, तर आपोआप नूतनीकरण फसून संकेतस्थळ बंद पडण्याचा धोका यामुळे असतो. शिवाय परकीय चलनावर बँक वेगळे शुल्क लावते ते निराळेच. यूपीआय घेणारी आणि रुपयांत बिल देणारी कंपनी नवख्याला सोयीची पडते. जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर आपला क्रमांक घालून घ्यावा, नाहीतर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही.

सर्व्हर कुठे आहे

तुमचे वाचक पुणे, सातारा, नाशिक या भागातले असतील, तर सर्व्हर मुंबईत असणे आणि अमेरिकेत असणे यात खरा फरक पडतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे साडेबारा-तेरा हजार किलोमीटरवर आहे. तिथपर्यंत एकदा जाऊन परत यायला सिद्धान्ततः १२५ ते १३० मिलिसेकंद लागतात, आणि केबलींचे वळसे धरले तर प्रत्यक्षात २०० च्या वर. सुरक्षित पान उघडताना ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात अशा निदान तीन फेऱ्या होतात, म्हणजे पहिले अक्षर यायच्या आत अर्धा सेकंद केव्हाच उलटलेला असतो.

सुदैवाने भारतात सोय चांगली आहे. ॲमेझॉनचा क्लाउड विभाग २०१६ पासून मुंबईत आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या अझूरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग तर २०१५ पासून पुण्यातच आहे. होस्टिंग घेताना सर्व्हरचे ठिकाण निवडण्याची यादी येते, तिथे भारत निवडावा. कंपनीचे कार्यालय भारतात असले, म्हणजे सर्व्हरही भारतात असतो असे नाही. हे ठिकाण नंतर बदलायचे म्हटले, तर काही कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेतात.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. मी पाहिलेली बहुतेक मंद संकेतस्थळे सर्व्हरमुळे मंद नव्हती. मोबाइलवर काढलेली चार-चार एमबीची छायाचित्रे जशीच्या तशी चढवल्यामुळे मंद होती. जास्त महागाचा प्लॅन घेण्याआधी ती लहान करून पाहावीत.

‘अमर्यादित’ या शब्दामागचे आकडे

माझ्या मावसबहिणीचा कोथरूडमध्ये घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. दोन दिवाळ्यांपूर्वी मी तिला ‘अमर्यादित भेटी’ असे लिहिलेल्या एका स्वस्त होस्टिंगवर संकेतस्थळ करून दिले. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता तिने चारशे ग्राहकांना व्हॉट्सॲपवर ऑर्डरची लिंक पाठवली आणि दहा वाजून सहा मिनिटांनी तिचा फोन आला, “दादा, पान उघडतच नाही रे, लोक मला फोनवर चकल्या सांगायला लागलेत.” मी उघडून पाहिले तर पांढऱ्या पानावर ५०८ हा आकडा आणि ‘साधनांची मर्यादा संपली’ अशा अर्थाची एक ओळ होती. सपोर्टचे उत्तर पाऊण तासाने आले आणि त्यात वरचा प्लॅन घ्यावा, एवढेच लिहिले होते. तोवर तिने वहीत हाताने चाळीसेक ऑर्डरी उतरवून घेतल्या होत्या. चूक माझीही होती, कारण विचारायचा तो आकडा मी घेताना विचारलाच नव्हता.

तो आकडा म्हणजे एन्ट्री प्रोसेस. शेअर्ड होस्टिंगवर एका क्षणी तुमच्या संकेतस्थळाच्या किती विनंत्या एकदम हाताळायच्या, यावर मर्यादा असते. तिच्या प्लॅनवर ती २० होती. लेख किंवा माहितीचे पान कॅशमधून (आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतीतून) झटकन दिले जाते, त्यामुळे तिथे २० पुष्कळ होतात. खरेदीच्या टोपलीचे पान मात्र प्रत्येक ग्राहकासाठी नव्याने तयार करावे लागते, एकेक विनंती सेकंद-दोन सेकंद जागा अडवते आणि वीस जागा पाहता पाहता भरतात. भेटी अमर्यादित होत्या हे खरेच होते. त्या एकाच वेळी येऊ नयेत, एवढीच अट होती. पुढच्या वर्षी आम्ही ही मर्यादा दुप्पट असलेला प्लॅन घेतला, आणि लिंक शंभर-शंभर जणांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने पाठवली. या दुसऱ्या उपायाला एक रुपयाही लागला नाही.

त्यामुळे खरेदीआधी चार आकडे लेखी मागावेत: एन्ट्री प्रोसेस किती, मेमरी किती, प्रोसेसरचा वाटा किती आणि इनोड किती. इनोड म्हणजे फाइलींची एकूण संख्या. प्रत्येक छायाचित्र, प्रत्येक ईमेल, कॅशची प्रत्येक फाइल त्यात मोजली जाते. वर्डप्रेस एका छायाचित्राच्या अनेक आकारांच्या प्रती बनवते, त्यामुळे दुर्गभ्रमण मंडळासारख्या संकेतस्थळाची जागा शिल्लक असतानाच इनोड संपतात. हे चार आकडे देण्यास जी कंपनी टाळाटाळ करते, ती माझ्या यादीतून तिथेच बाद होते.

‘९९.९ टक्के अपटाइम’, म्हणजे संकेतस्थळ चालू राहण्याची हमी, हेही असेच मोजून पाहावे. त्याचा अर्थ ३० दिवसांत ४३ मिनिटे आणि वर्षात पावणेनऊ तास संकेतस्थळ बंद राहिले, तरी हमी पाळली गेली, असा होतो. हमी मोडल्यावर मिळणारी भरपाई बहुधा त्या महिन्याच्या भाड्यातला काही भाग असते; बुडालेल्या धंद्याची भरपाई त्यातून होत नाही.

मराठी मजकुराची परीक्षा

इंग्रजी मार्गदर्शकांत ही पायरी नसते आणि मराठी संकेतस्थळांचे नुकसान नेमके इथे होते. सर्व्हर बदलल्यावर सगळा मजकूर प्रश्नचिन्हांच्या रांगांमध्ये बदललेला मी पाहिला आहे, आणि ज्या क्षणी तो नव्या डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्ह म्हणून साठवला जातो, त्या क्षणी त्या प्रतीतला मजकूर कायमचा गेलेला असतो. अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीला संकेतन म्हणतात; यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि इमोजी चार. डेटाबेसचे संकेतन यूटीएफ-८-एमबी-४ असले, तर दोन्ही नीट बसतात. वर्डप्रेस २०१५ पासून शक्य तिथे तेच वापरते. पण जुना डेटाबेस हलवताना किंवा कुणी हाताने नवा बनवताना दुसरेच संकेतन राहून जाते.

परीक्षा सोपी आहे. होस्टिंग घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक पान तयार करावे आणि त्यात ‘ज्ञानेश्वरी, कृष्णा, ऱ्हस्व, दऱ्या, ॲप’ असे शब्द आणि एक इमोजी लिहावे. ते जतन करावे, डेटाबेस निर्यात करून दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये आयात करावा आणि शब्द तसेच दिसतात का, ते पाहावे. पाऊण तासाचे काम आहे, पण पुढे दोनशे लेख हलवायची वेळ येईल तेव्हा याच पाऊण तासाचा उपयोग होतो.

पानाच्या पत्त्याचीही एक अडचण आहे. शीर्षक मराठीत दिले की वर्डप्रेस पत्ताही मराठीत करते आणि पडद्याआड प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात. ‘दिवाळी-फराळ’ एवढा पत्ता ९१ चिन्हांचा होतो. वर्डप्रेसमध्ये या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, त्यामुळे बाविसाव्या देवनागरी चिन्हानंतर मोठे शीर्षक मध्येच तुटते. व्हॉट्सॲपवर अशी लिंक चिकटवली की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसते आणि लोक ती उघडायला कचरतात. शीर्षक मराठीतच असावे, पत्ता मात्र हाताने रोमन अक्षरांत छोटा करून घ्यावा.

बॅकअप, आणि तो कोणाच्या ताब्यात

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि त्यातली एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा बॅकअपसह गेला. कंपनी ‘रोज बॅकअप’ म्हणते तेव्हा तो कुठे ठेवला जातो, किती दिवसांचा ठेवला जातो आणि परत बसवायला पैसे पडतात का, हे तिन्ही प्रश्न म्हणूनच विचारावे लागतात. खाते निलंबित झाले तरी बॅकअप उतरवून घेता येतो का, हा चौथा प्रश्न. त्याचे उत्तर सपोर्टच्या माणसाला पटकन देता येत नाही, पण विचारावा जरूर.

कंपनीचा बॅकअप कितीही चांगला असला, तरी एक प्रत आपल्या ताब्यात हवी. वर्डप्रेससाठी अपड्राफ्टप्लस या जोडप्रणालीचे (प्लगइनचे) विनामूल्य रूप आठवड्यातून एकदा फाइली आणि डेटाबेस दोन्ही गुगल ड्राइव्हवर पाठवते, आणि तिथली १५ जीबीची मोफत जागा लहान संकेतस्थळाला पुरते. महिन्यातून एकदा ती प्रत घरच्या हार्ड डिस्कवरही उतरवावी.

ईमेल

होस्टिंगबरोबर मोफत ईमेल खाती मिळतात. सुरुवातीला ती वापरायला हरकत नाही, पण होस्टिंग सोडले की ती पत्रेही सोडावी लागतात. शिवाय शेअर्ड सर्व्हरवरच्या दुसऱ्याच कुणी नको ती पत्रे पाठवली, तर त्या सर्व्हरची पत बिघडते आणि तुमची पावती ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले आहेत. ही ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या डोमेनच्या तीन नोंदी पॅनलमधून करता येतात का, ते पाहावे. ऑर्डरींचा व्यवसाय असेल, तर ईमेलसाठी वेगळी सशुल्क सेवा घेणे बरे.

सपोर्टची परीक्षा आणि परीक्षणांचे वाचन

पैसे भरण्याआधी दोन वेळा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री अकरानंतर, चॅटवर एक नेमका प्रश्न विचारावा. (पुढच्या उदाहरणातली पीएचपी म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेवर चालते ती संगणकभाषा.) उदाहरणार्थ, “पीएचपीची ८.३ आवृत्ती मला स्वतःला निवडता येईल का, आणि या प्लॅनवर एन्ट्री प्रोसेस किती आहेत?” “हो, पॅनलमध्ये अमुक ठिकाणी निवडता येते, मर्यादा इतकी आहे” असे उत्तर आले, तर पलीकडे जाणकार माणूस आहे. “आमचे सर्व प्लॅन उत्तम आहेत, आज सवलत आहे” असे आले, तर पलीकडे विक्री विभाग आहे, आणि अडचणीच्या वेळीही बहुधा तोच भेटेल.

‘सर्वोत्तम दहा होस्टिंग’ अशा याद्या वाचताना, त्यातल्या लिंकवरून कोणी खरेदी केली तर लेखकाला दलाली मिळते, हे लक्षात ठेवावे. दलाली घेणारा खोटेच लिहितो असे नाही, पण दलाली न देणारी चांगली कंपनी त्या यादीत दिसतच नाही. आणखी एक गोष्ट: वेगवेगळी नावे म्हणजे वेगवेगळ्या कंपन्या असेही नाही. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर ही दोन्ही नावे २०२१ मध्ये स्थापन झालेल्या न्यूफोल्ड डिजिटल या एकाच समूहाची आहेत. एकीला कंटाळून दुसरीकडे जाण्याआधी मालक कोण आहे, ते पाहावे. स्तुतीपेक्षा तक्रारी वाचाव्यात, आणि त्यातही नूतनीकरण, पैसे परत मिळणे आणि खाते सोडणे या तीन विषयांवरच्या आधी.

घेतल्यानंतरचा पहिला महिना

बहुतेक शेअर्ड प्लॅनवर ठरावीक मुदतीत पैसे परत मिळतात. ही मुदत अनेकदा ३० दिवसांची असते आणि डोमेनचे पैसे सहसा त्यात येत नाहीत. हा महिना परीक्षेसाठी वापरावा. पहिल्या दिवशी डोमेन आणि होस्टिंग या दोन्ही खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी आणि मराठी मजकुराची परीक्षा घ्यावी. पहिल्या आठवड्यात चार-पाच खरी पाने चढवून सकाळी, संध्याकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास मोबाइल डेटावर ती उघडून पाहावीत; रात्रीची वेळ महत्त्वाची आहे, कारण शेजारच्या संकेतस्थळांची गर्दी तेव्हा कळते. संकेतस्थळावरचा संपर्काचा फॉर्म भरून पत्र जीमेलच्या मुख्य पेटीत येते की स्पॅममध्ये, ते पाहावे.

दुसऱ्या आठवड्यात एक पान मुद्दाम पुसून टाकावे आणि बॅकअपमधून परत आणावे. ते आले नाही, किंवा आणण्यासाठी तीन दिवस ताटकळावे लागले, तर पैसे परत मागायला अजून वेळ असतो. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस राहायचे की निघायचे, ते ठरवावे. अखेरच्या दिवशी अर्ज केला आणि तो ‘मुदतीनंतर मिळाला’ असे उत्तर आले, तर वाद घालण्यात अर्थ नसतो. राहायचे ठरले, तर नूतनीकरणाच्या तारखेच्या पंचेचाळीस दिवस आधीची तारीख काढावी आणि ती मोबाइलबरोबरच स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावरही लिहून ठेवावी, म्हणजे ती घरातल्या दुसऱ्या माणसालाही दिसेल. त्या दिवशी नवा दर पाहावा, बॅकअपची ताजी प्रत उतरवून घ्यावी आणि दर पटला नाही, तर दुसरीकडे खाते उघडून संकेतस्थळ तिथे नीट चालते आहे हे पाहिल्यावरच डोमेनचे नेमसर्व्हर बदलावेत. नव्या जागेची नोंद सगळीकडे पोहोचायला काही तास, कधी दोन दिवसही लागतात, म्हणून जुने खाते आणखी आठवडाभर तसेच चालू ठेवावे.